एकाच घाण्यातले

ओटिग्बा स्ट्रीटवर दुपारी दोनला वीज जाते
आणि सगळ्या गल्लीचे जनरेटर
एकदम खाकरतात.
मोरेनिकेजी थांबते. आवाज जरा बसल्यावर
पुन्हा विचारते,
"हा बेचाळीस हजार नायरा, हा अठ्ठ्याऐंशी.
फरक काय? नीट सांग, ओबियाजुलू."

दोन्ही काउंटरवर आहेत.
दोन्ही काळे, दोन्ही तळहातावर मावणारे,
दोन्हींवर छापलंय एक टेराबाइट.
वजनही सारखंच. तराजूत घालून पाहिलंय मी,
गिऱ्हाईक नसलेल्या एका मंगळवारी.

फरक आत असतो, मी म्हणतो.
महागड्यात डाळीच्या दाण्याएवढे कपॅसिटर आहेत.
वीज गेली की ते क्षणभर श्वास धरून ठेवतात,
तेवढ्यात ड्राइव्ह हातातलं वाक्य पुरं लिहितो,
मग झोपतो.
स्वस्तातला शब्द अर्धा टाकून उठतो.
शिवाय याला पाच वर्षांची हमी. त्याला एकच,
आणि ती जिथे मागायची तो पत्ता
परदेशातल्या कुठल्यातरी जिन्याखालचा.

ती हसत नाही.
गेल्या वर्षी तिच्या स्टुडिओतला एक ड्राइव्ह गेला.
त्यात अबेओकुटाच्या एका म्हाताऱ्याचा निरोप होता,
तीन दिवसांचा,
एकाच निळ्या कापडातली दोनशे माणसं,
ढोल, आणि कॅनडाहून आलेली मुलगी
नाचता नाचता मटकन बसलेली.
जुन्या डिस्क मरण्याआधी कुरकुरायच्या,
घरात कुणी आजारी आहे हे कानाला कळायचं.
हा रात्री होता, सकाळी नव्हता.
संगणक म्हणाला, कुठला ड्राइव्ह?

मुलीने पैसे परत मागितले नाहीत.
महिन्याला एक मेसेज करते फक्त,
काही सापडलं का.

"मग महागातला घे."
"एकच घेऊ? तो गेला तर?"
मी गप्प. जाणार नाही असं
कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.
ती बोटांवर मोजते.
"त्यापेक्षा हे स्वस्तातले दोन दे.
चौऱ्याऐंशी. एक मेला तर दुसरा आहेच."

माझा हात पिशवीकडे गेलाही.
खरं सांगायचं तर
दोन स्वस्तातल्यांत मला नऊ हजार सुटतात,
महागड्यात जेमतेम चार.
पण खोकी उचलली तेव्हा नंबर दिसले,
एकाच्या शेवटी सतरा, एकाच्या अठरा.
एकाच कारखान्यातले, एकाच रात्रपाळीचे,
एकाच घाण्यातले.
कोपऱ्यावर अकारा तळणारी बाई आहे ना,
तिचा एक वडा आत कच्चा निघाला
तर शेजारच्यावर कसला भरवसा?

"एक माझ्याकडून घे," मी म्हणालो,
"दुसरा समोरच्या सिकिरूकडून. त्याची कंपनी वेगळी."
बोलून गेल्यावर मलाच ऐकू आलं.
पाटीच्या जागेवरून दोन वर्षं
सिकिरूशी माझं बोलणं बंद आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली,
खोक्यावरचा नंबर वाचावा तशी.
"तुझा स्वतःचा हिशोब कशावर असतो रे?"

मी खण उघडला. लाल पुठ्ठ्याची लांबट वही,
मार्चच्या पानावर पाम तेलाचा डाग,
त्यातून एप्रिल आरपार दिसणारा.

"आणि ही हरवली तर?"

"सिकिरूचे साठ हजार आहेत माझ्याकडे.
त्याला सगळं तोंडपाठ असतं,
पै न् पै, तारखेसकट."

आता ती हसली. बेचाळीस मोजून दिले,
सतरा नंबर पर्समध्ये टाकला
आणि जनरेटरच्या धुरातून रस्ता ओलांडला.

पलीकडे सिकिरूने काहीतरी विचारलं असावं.
तिने बोट केलं माझ्याकडे.
तो बराच वेळ इकडे बघत होता.
मी उगाच अठरा नंबरच्या खोक्यावरची
धूळ पुसत बसलो.